पत्ता दाराचा, माणसाचा नव्हे

२००७ साली बंगळूरच्या एका तरुण संगणक-कामगाराला पुण्याच्या पोलिसांनी पकडून आणले. ऑर्कुट नावाच्या संकेतस्थळावर शिवछत्रपतींची विटंबना त्याने केली, असा आरोप होता. पुरावा काय, तर एक आकडा. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने त्या आकड्याचा धनी म्हणून याचे नाव कळविले होते. ते नाव चुकीचे निघाले. पण तोवर त्या निरपराध माणसाचे पन्नास दिवस तुरुंगात गेले. हा आकडा कसला आणि त्यावर भरवसा किती ठेवावा, हे त्याचा इतिहास पाहिल्यावाचून कळावयाचे नाही.

निरनिराळी संगणकजाळी एकमेकांस जोडण्याची योजना अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडली. तीतून सिद्ध झालेले नियम सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या जाळ्याने ते स्वीकारले. संदेशाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्यावर, टपालाच्या पाकिटावर असतो तसा, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असावा, हे त्यांचे सार. हाच आयपी पत्ता. तो चार आकड्यांचा. प्रत्येक आकडा ० ते २५५. असे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. संगणक मोजके होते त्या काळी हा साठा अफाट वाटला असल्यास नवल नाही.

पुढे जगभर संगणक वाढले आणि पत्त्यांची टंचाई झाली. टंचाई आली की वाटून घेणे आलेच. आमच्या वडिलांच्या पिढीचे गिरणगाव आठवा. एका खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीने राहत; गावाकडून येणाऱ्या साऱ्यांच्या पत्रांवर पत्ता एकच. १९९४ साली सुचविलेली युक्ती हीच होती : घरातील वा कचेरीतील सारी यंत्रे एका पत्त्याआड ठेवावयाची. दुसरी युक्ती बदली कामगाराच्या रीतीची. साचा तोच, पण आज त्यावर एक, उद्या दुसरा; तसा पत्ता तोच, पण मुदत सरली की तो दुसऱ्या यंत्राकडे जातो. म्हणून ‘हा पत्ता कोणाचा?’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणत्या घटकेला कोणाचा?’ असे विचारावे लागते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गठ्ठेही वाटले गेले. अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धत १९९५ सालीच आखली गेली होती. तरी जुनी अजून सोबत चालूच आहे.

आता लबाडीकडे वळू. सभेत दोनदा हात वर करणारा इसम आम्हांस नवा नाही. इंटरनेटवर तोच मनुष्य चार नावे धारण करतो आणि आपणच आपल्याला दुजोरा देतो. असल्यांना हुडकण्यासाठी विकिपीडियाने निवडक तपासनीसांना पत्ते पाहण्याचा अधिकार दिला आहे. दोन नावांचा पत्ता एक, यंत्राची खूण एक, लिहिण्याची वेळ एक, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच, असे जुळत गेले म्हणजे संशय बळावतो. पण पत्ता एकटा फसवितो. २००७ च्या आरंभी उपद्रव थांबविण्यासाठी विकिपीडियावर एक पत्ता रोखला गेला, आणि कतार देशातील जवळजवळ साऱ्यांचेच नाव न नोंदविता लिहिणे काही तास बंद पडले. जवळजवळ सारा देश त्या एका दारातून ये-जा करीत होता!

खोट्या नावांनी वावरणाऱ्याला धरलेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु पत्ता दार दाखवितो. आत कोण होते ते दुसऱ्या पुराव्याने ठरवावे लागते. उद्या चौकशीच्या टेबलावर कोणी साहेब असला आकडा आपल्यापुढे ठेवील, तेव्हा आपण तीन प्रश्न विचारावेत : हा आकडा कोणत्या घटकेचा? त्या दाराआड माणसे किती? आणि याखेरीज पुरावा कोणता?