किल्लीचं दुसरं टोक

मंडळाच्या बैठकीत मी आजवर वाचलेल्या टिपणांपैकी दोन चुकीची आहेत. एक पणजोबांच्या रोजनिशीवरचं, ज्यात मी आमच्या घरी १९११ साली पाव खाल्ला जात होता असं ठासून सांगितलं होतं. दुसरं आमच्या घराण्याच्या छोट्या पुस्तिकेतलं, १९३८ च्या वाटणीविषयीचं. दोन्ही चुका एकाच वस्तूमुळे झाल्या. ती वस्तू मी लहानपणापासून दर रविवारी हातात धरत आलो आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आमचं घर दांडिया बाजारातलं. माजघरातल्या कोनाड्यात एक काळं, लोखंडी चौकटीचं अमेरिकन घड्याळ आहे. तबकडीवर ॲन्सोनिया असं नाव. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ॲन्सन फेल्प्स नावाच्या धातूच्या व्यापाऱ्यानं काढलेली ही कंपनी पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात गेली, आणि १९२९ मध्ये तिची यंत्रसामग्री चक्क सोव्हिएत रशियाला विकली गेली. तिची घड्याळं हिंदुस्थानात पुष्कळ आली. जुन्या बडोदेकरांच्या घरात अजूनही एखादं सापडतं, बहुधा बंद पडलेलं. आमचं चालू आहे. आठ दिवसांची चावी, तासाला आणि अर्ध्या तासाला ठोके.

त्याची किल्ली दुतोंडी आहे. पितळेची, मधे पकडायला पाकळ्या, एका टोकाला मोठं चौकोनी भोक आणि दुसऱ्या टोकाला अगदी बारीक. मोठ्या टोकानं चावी द्यायची, उजव्या भोकात चालीची आणि डाव्या भोकात ठोक्यांची. मग बारीक टोक कशाला?

आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. बारीक टोक ‘दुसऱ्या घड्याळाचं’. घड्याळांची जोडी होती, एक मोठं नि एक लहान. १९३८ साली आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ वेगळे झाले, धाकटे इंदूरला गेले, आणि जाताना लहान घड्याळ घेऊन गेले, वाटणीत न दाखवता. आजी दर रविवारी चावी देताना किल्ली उलटी करून ते बारीक टोक आम्हाला दाखवायची आणि म्हणायची, “जोडी फोडली मेल्यांनी.” इंदूरच्या शाखेचं आमच्या घरातलं नावच ‘घड्याळवाले’ होतं. लग्नाच्या पत्रिका जात-येत, पण माणसं जात-येत नसत. भांडणाची इतर कारणंही असणारच, जमीन होती, दागिने होते. पण ती कारणं कोणी बोलून दाखवत नसे. घड्याळाचं मात्र सगळे बोलत, कारण त्याचा पुरावा हातात होता.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. कलाभवनात शिकलो, म्हणजे १८९० साली प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी उभ्या केलेल्या संस्थेच्या आजच्या अवतारात. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या उपकरण विभागात काढली. प्रेशर गेजचा काटा शून्यावर आणायचा स्क्रू कुठल्या भोकात लपलेला असतो, हे मी पोरांना शिकवत असे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे आहे ते वाचून तुम्ही हसणार आहातच, तर पूर्ण माहिती घेऊन हसा.

नोकरी सोडल्यावर मोडी शिकलो आणि पणजोबांच्या रोजनिशा काढल्या. पणजोबा संस्थानच्या हिशेब खात्यात कारकून. १९११ ते १९१४ च्या चार वह्या शिल्लक आहेत, मजकूर मोडीत, अक्षर बारीक आणि काटकसरी, अर्धे शब्द तोडलेले. रविवारच्या पानाच्या कडेला मधूनमधून एक नोंद दिसायची. ‘ल. कि. पाव उ.’ आणि कधी ‘ल. कि. अर्धा डा.’

मी डोकं लढवलं. ‘ल. कि.’ म्हणजे कोणा दुकानदाराची आद्याक्षरं. ‘उ.’ म्हणजे उधार. ‘डा.’ म्हणजे डाळ. म्हणजे या गृहस्थाकडून पाव उधार आणि अर्धा शेर डाळ. आता पाव हा अपूर्णांक की खाण्याचा पाव? इथे मी फार हुशारी केली. मोडी हिशेबात पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी दाखवतात. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा. पणजोबांच्या जमाखर्चात सगळीकडे रेघाच आहेत. इथे मात्र ‘पाव’ अक्षरात लिहिलाय, त्या अर्थी हा अपूर्णांक नव्हे, हा बेकरीतला पाव! त्यावर मी ‘बडोद्याच्या मराठी घरातला पाव’ असं टिपण रचलं. नोंदींची महिनेवार मांडणी केली, तर ‘पाव’ उन्हाळ्यात आणि ‘डाळ’ थंडीत जास्त निघाली. त्याचीही कारणं मी दिली. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी तेव्हाच विचारलं होतं, “देशस्थाच्या घरात १९११ साली पाव आला असता, तर तुमच्या पणजीनं पणजोबांना उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का हो?” मी त्यांना कागद दाखवला. कागदापुढे माणूस गप्प बसतो. मग ‘अर्धा’ अक्षरात का लिहिलाय, हे मात्र त्यांनी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात ठोके अडकायला लागले, म्हणून घड्याळ मांडवीजवळच्या घडियाळी पोळात नेलं. कारागीर सत्तरीचे. त्यांनी ठोक्यांचं काम केलं, घड्याळ चालू केलं, माझ्या हातून किल्ली घेतली, उलटी केली आणि बारीक टोक तबकडीत घुसवून किंचित फिरवलं.

मी विचारलं, “कुठे घातलंत?”

“साहेब, आ तो फास्ट-स्लो माटे छे,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दारावर ‘ढकला’ लिहिलेलं असताना ओढत बसलो होतो.

बाराच्या आकड्याच्या वरच्या कडेला एक भोक आहे. दाण्याएवढं. आत चौकोनी दांडीचं टोक दिसतं. भोकाच्या डाव्या बाजूला इंग्रजी ‘एस’, उजव्या बाजूला ‘एफ’. स्लो आणि फास्ट. ही अक्षरं मी पन्नास वर्षं पाहिली होती. मला वाटायचं कंपनीची खूण असेल. भोक मात्र तबकडीच्या पडलेल्या स्क्रूचं आहे, असं आमच्या वडिलांचं मत होतं आणि ते आम्ही वारशात घेतलं.

ही सोय कशासाठी, ते सांगण्यासारखं आहे. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं तेव्हापासून मूळ गोष्ट एकच. लंबक लांब केला की घड्याळ मागे पडतं, आखूड केला की पुढे जातं. भिंतीवरच्या घड्याळात दार उघडून लंबकाखालची चक्री फिरवली की काम होतं. पण कोनाड्यात किंवा फडताळावर ठेवायच्या घड्याळात लंबक मागच्या बाजूला असतो. दर वेळी एवढं लोखंडी धूड उचलून कोण फिरवणार? आणि उचलून परत ठेवलं की त्याची बैठक बदलते, ठोका लंगडा पडतो. म्हणून कारागिरांनी लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो, ती पट्टी वर-खाली चिमटीत धरायची सोय केली आणि तिची दांडी थेट समोर, तबकडीत आणून सोडली. दहा सेंटिमीटरचा लंबक फक्त ०.१ मिलिमीटर आखूड झाला तर घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद पुढे जातं. म्हणून बारीक टोक, आणि म्हणून पाव फेरा.

पाव फेरा. हा शब्द मनात आला तेव्हा मी स्कूटरवर होतो. मांडवीच्या गर्दीत बाजूला थांबलो.

लहान किल्ली, पाव, उजवीकडे. लहान किल्ली, अर्धा, डावीकडे.

घरी येऊन वह्या काढल्या. लोखंडी तारेचा लंबक उन्हाळ्यात वाढतो. बडोद्यातला पौष आणि वैशाख यांत घरातल्या घरात वीस अंशांचा फरक धरला, तर घड्याळ दिवसाला साधारण दहा सेकंद मागे पडेल, म्हणजे आठवड्याला मिनिटभर. म्हणून उन्हाळ्यात ‘उ.’, थंडीत ‘डा.’. माझा सगळा ऋतुमानाप्रमाणे आहाराचा तक्ता म्हणजे तापमानाचा तक्ता निघाला. त्याच पानांवर, कडेपासून दोन बोटांच्या अंतरावर, ‘टॉ. पेक्षा १ मि. मागे’ अशी नोंद आहे. तो टॉ. म्हणजे रावपुऱ्याचा टॉवर, हे मला आधीपासून माहीत होतं. महाराणी चिमणाबाई पहिल्या यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये बांधलेला, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे पणजोबा टॉवर बघून येत, फरक लिहीत आणि लहान किल्ली फिरवीत. हिशेबात रेघा नि इथे अक्षरं, कारण हा हिशेब नव्हताच.

एवढी मिनिटामिनिटाची काळजी का, असा प्रश्न पडतो. तो काळच घड्याळांच्या गोंधळाचा होता. सूर्याच्या हिशेबानं बडोद्याची वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे ३७ मिनिटं मागे आहे. रेल्वे बरीच वर्षं मद्रासच्या वेळेवर चालत असे. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, तर मुंबईत तिच्याविरुद्ध गिरणी कामगारांनी दंगा केला, आणि महापालिकेनं आपली ३९ मिनिटं मागची ‘मुंबई वेळ’ परत घेतली. ती तिथे रेंगाळली थेट १९५५ पर्यंत. आमच्या पणजीचं माहेर गिरगावातलं. त्यामुळे गाडी किती वाजता सुटते नि किती वाजता पोचते, याचं उत्तर कोणाचं घड्याळ धरता त्यावर अवलंबून. अशा दिवसांत कारकून माणसानं निदान स्वतःच्या कोनाड्यातलं घड्याळ तरी ताब्यात ठेवावं, हे समजतं. पणजोबा १९१९ च्या तापाच्या साथीत गेले. आजोबा तेव्हा पोरसवदा. लहान टोक कशाचं हे सांगायचं राहून गेलं असावं, असा माझा अंदाज. पुढे आजोबा रविवारी सरळ काटाच बोटानं पुढे ढकलत. वडील तेच करीत. मीही.

आता वाटणीपत्र. त्यात स्वच्छ लिहिलंय, ‘घड्याळ १, किल्लीसह, थोरल्याकडे’. एक. आमच्या पुस्तिकेत मी यावर वाक्य लिहिलं होतं, “दुसऱ्या घड्याळाचा उल्लेख हेतुपुरस्सर टाळलेला दिसतो.” आजी नुसतं बोलत होती. मी ते छापलं. साठ प्रती काढल्या, एक इंदूरला पाठवली. आपण निःपक्षपाती आहोत असं वाटून पाठवली, हे आणखी वाईट.

(गाडीतल्या पेट्रोलच्या काट्याशेजारी टाकीचं झाकण कोणत्या बाजूला हे दाखवणारा बाण असतो, तो मला सात वर्षांनी दिसला. फोर्डमधल्या जिम मॉयलन नावाच्या अभियंत्यानं १९८६ मध्ये भर पावसात पंपाच्या उलट्या बाजूला गाडी लावून भिजल्यावर ती कल्पना सुचवली. तिथे माझं नुकसान फक्त पंपावर गाडी वळवण्याचं झालं होतं.)

इंदूरला धाकट्या आजोबांची मुलगी आहे, माझी चुलत आत्या, वय सत्त्याऐंशी. त्या पिढीतली एकटीच उरलेली. महिनाभर टाळून शेवटी फोन केला आणि किल्लीपासून सगळं सांगितलं. तिला ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमचे बाबा शेवटपर्यंत सांगायचे रे, मी घड्याळ घेतलेलं नाही. इतकं सांगायचे, की आम्हा पोरांना वाटायचं, घेतलंच असणार. आईलासुद्धा वाटायचं. बाबा गेल्यावर मी त्यांची ट्रंक उघडली ना, तेव्हा आधी घड्याळच शोधलं होतं.”

पुस्तिकेच्या माझ्याकडे तेवीस प्रती शिल्लक आहेत, त्यांत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे. बाकीच्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी कळवावं, चिठ्ठी पाठवीन. पावाचं टिपण मागे घेतो, आणि त्या ज्येष्ठ सभासदांची बैठकीत माफी मागतो. इंदूरच्या प्रतीवर चिठ्ठी चिकटवायला मात्र दिवाळीनंतर मी स्वतः जाणार आहे. आत्याला तसं सांगितलं, तर म्हणाली, “ये. आणि ती किल्ली घेऊन ये. कशी असते ती बघू दे तरी.”