सालबाईचा तह आणि आक्रमक युद्धाचा शेवट

आक्रमणाने सुरू झालेले युद्ध वाटाघाटींनी संपू शकते काय, या प्रश्नाच्या विचारास पहिले इंग्रज-मराठे युद्ध विशेष उपयोगी आहे. या युद्धात एकाच वादावर तीन तह झाले. त्यांपैकी दोन निष्फळ ठरले. तिसरा सुमारे वीस वर्षे टिकला. हा फरक कशामुळे पडला, हे येथे पाहावयाचे आहे.

मुंबईकर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह करून रघुनाथरावास पेशवेपदावर बसविण्याचे पत्करले. मोबदला म्हणून त्यांना साष्टी व वसई हवी होती. हे युद्ध अन्याय्य व अनधिकृत आहे, असे खुद्द कलकत्त्याच्या कौन्सिलनेच ठरविले आणि कर्नल अप्टनकरवी १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. तथापि मुंबईकरांनी रघुनाथरावास आश्रय दिलाच, व लंडनच्या संचालकांनी सुरतेचा तह उचलून धरला. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे कोंडीत सापडलेल्या इंग्रज फौजेने केलेला करारही वरिष्ठांनी झुगारून दिला. पहिल्या वेळी आक्रमकाची आशा शाबूत होती. दुसऱ्या वेळी, सही करणारांना तसा अधिकारच नव्हता, असे म्हणण्यास त्याला जागा राहिली.

पुढील तीन वर्षांत ही स्थिती पालटली. नाना फडणिसांनी हैदर अलीशी सख्य जोडले. १७८० च्या जुलैत हैदर कर्नाटकात उतरला. गॉडर्डने त्याच वर्षी डिसेंबरात वसई घेतली खरी, परंतु एप्रिल १७८१ मध्ये बोरघाटातून त्याला नुकसान सोसून माघार घ्यावी लागली. इकडे ग्वाल्हेर गमावलेल्या महादजी शिंद्यांनाही युद्ध नकोसे झाले होते. १७ मे १७८२ रोजी सालबाई येथे तह झाला. त्यान्वये इंग्रजांनी वसई व पुरंदरनंतर जिंकलेला मुलूख परत केला, रघुनाथरावास दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली व त्याचा पक्ष इंग्रजांनी सोडला. महादजी उभयपक्षी जामीन राहिले.

'मुत्सद्दी' या अरबी मूळाच्या शब्दाचा जुना अर्थ दप्तरातील कारकून असा आहे, आणि तो येथे उद्बोधक वाटतो. रणांगणावर जे ठरले नसते, ते केवळ लेखणीने सालबाईस ठरले नसते. परंतु आक्रमणाचे निमित्त दूर करणे, सही करणाऱ्याचा अधिकार निश्चित करणे आणि जामीन मिळविणे ही कामे तलवारीची नव्हेत. ती मुत्सद्द्यांनीच केली.

या शांततेची किंमतही नोंदविली पाहिजे. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आणि ज्याच्या बळावर तह शक्य झाला, त्या हैदरावर त्याच्या संमतीवाचून मुलूख परत करण्याचे कलम लादण्यात आले. म्हणजे वाटाघाटींनी युद्ध संपले. आक्रमणाचे फळ मात्र पूर्णपणे हिरावले गेले नाही.

महादजी १७९४ मध्ये व नाना १८०० मध्ये निवर्तले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी रघुनाथरावाचाच पुत्र दुसरा बाजीराव याने वसईस इंग्रजांशी तह केला, आणि १८०३ मध्ये पुन्हा युद्ध पेटले. पदासाठी परक्याचे साहाय्य मागणारा पेशवा पुन्हा उभा राहिला होता; त्याला आवर घालणारे मात्र कोणी उरले नव्हते. आक्रमक युद्ध तहाने संपते, पण तो तह टिकविणारी शक्ती पुढेही जागती ठेवावी लागते, एवढा निष्कर्ष या इतिहासावरून निघतो.