यादव, गणपती दादासाहेब
(१४ सप्टेंबर १९५२ – ). भारतीय रासायनिक अभियंते व प्राध्यापक. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील अर्जुनवाडा येथे. मुंबई विद्यापीठाच्या माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान विभागातून (यूडीसीटी) त्यांनी पदवी घेतली आणि प्रा. मनमोहन शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. १९३३ मध्ये सुरू झालेला हा विभाग पुढे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी झाला. या संस्थेचे ते पहिले कुलगुरू (२००९–१९). रासायनिक कारखान्यांत उत्प्रेरक म्हणून द्रवरूप आम्ले वापरली, की उपकरणांचे क्षरण होते आणि सांडपाणी दूषित होते. त्यांऐवजी गाळून पुन्हा वापरता येणारे घन उत्प्रेरक विकसित करणे, हे त्यांचे मोलाचे कार्य होय. तांबे-क्लोरीन चक्राने पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यावरही त्यांनी संशोधन केले. पद्मश्री (२०१६).