जासुदांची वाट बंद झाली तेव्हा

ऐरोलीच्या खाडीकाठी संध्याकाळी फिरायला गेले की एका बाजूला चिखलात उभे असलेले रोहित पक्षी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, परदेशाशी रात्रंदिवस बोलणाऱ्या कचेऱ्यांचे दिवे. तिथेच एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, लष्करी संदेशवहनाचे संग्रहालय कुठे आहे हो?"

मी सांगितले, जबलपूरला. आपल्या सैन्याचे सिग्नल्स दल १५ फेब्रुवारी १९११ रोजी उभे राहिले. 'तीव्र चौकस' हे त्याचे ब्रीद. त्या दलाचे संग्रहालय तिथे आहे. पण वाचकहो, आपल्याला याच विषयाचे संग्रहालय जवळ हवे असेल, तर पुण्याचे पेशवे दफ्तर आहे की! तिथे यंत्र एकही नाही. मोडी कागद मात्र रुमालांत बांधलेले, लाखांनी.

पेशवाईत बातमी पायांवर चाले. जासूद बहुधा जोडीने धाडीत. एकाचे वाटेत बरेवाईट झाले तर दुसऱ्याने पुढे जावे. फारच निकड असली तर सांडणीस्वार. पत्र हाती पडले की त्यावर 'पैवस्ता' म्हणून पोचल्याची मिती घालीत. आम्हा इतिहासवाल्यांना ही मिती म्हणजे सोने! पत्रात काय लिहिले हे कोणीही वाचील. पण कोणाला काय केव्हा कळले, हे ती मितीच सांगते.

आता पानिपतकडे या. २५ ऑक्टोबर १७६० रोजी अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दाणागोटा अडला हे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्याच रस्त्याने जासूदही येत-जात होते, इकडे कोणी फारसे बघत नाही. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. जानेवारीत दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक टोळी रात्री वाट चुकली आणि चक्क अफगाणांच्याच छावणीत शिरली. दोन छावण्या इतक्या जवळ, आणि वाट दाखवायला एक माणूस नाही!

तिकडे नानासाहेब पेशव्यांनी डिसेंबरात पैठणला लग्न केले. त्यावरून त्यांना आजवर किती बोल लागले आहेत! लग्नाचे समर्थन मी करीत नाही. पण छावणीत माणसे उपाशी मरताहेत हे त्यांना त्या दिवशी किती ठाऊक होते, हे आधी विचारा. बातमी न पोचणे आणि बातमी असून डोळेझाक करणे यांत अंतर आहे, आणि न्याय करताना ते मोजले पाहिजे.

१४ जानेवारी १७६१ रोजी सारे संपले. मदतीला निघालेले नानासाहेब २४ तारखेला भेलशाला होते, आजचे विदिशा. तिथे त्यांना पराभव कळला तो कशावरून? एका सावकाराच्या पत्रावरून! मोती गळाले, मोहरा गेल्या, अशा व्यापारी परिभाषेत मोठमोठी माणसे पडल्याची खबर त्यात होती. साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक वाट, दहा दिवसांत. दौलतीची डाक मेली होती, पेढीची जिवंत होती. नानासाहेब पुण्याला परतले आणि २३ जूनला पर्वतीवर वारले.

पुढे शंभर वर्षांच्या आत याच मुलखात काय झाले बघा. १८५४ साली मुंबई आणि आग्रा तारेने जोडली गेली. ११ मे १८५७ रोजी दिल्ली पडत असताना तारघरातल्या दोघा तरुण नोकरांनी अंबाल्याला खबर ठोकली. दिल्लीहून अंबाल्याचा रस्ता पानिपतावरूनच जातो. तिथून ती खबर लाहोरला गेली, आणि १३ मे रोजी सकाळी इंग्रजांनी तिथल्या हिंदी पलटणींची हत्यारे काढून घेतली. भाऊसाहेबांना दोन महिन्यांत जे साधले नाही ते यांना दोन दिवसांत साधले. शौर्याचा यात काही संबंध नाही, हे उघड आहे.

त्या विद्यार्थ्याला मी राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड वाचायला सांगितला. १८९८ सालचा, १७५० ते १७६१ मधली पत्रे त्यात आहेत. म्हटले, मजकूर मागाहून वाच, आधी नुसत्या मित्या बघत जा. पानिपतच्या छावणीतून निघालेली पत्रे नोव्हेंबरनंतर कशी विरळ होत जातात, ते तुझे तुलाच दिसेल.