प्रवाहाला समांतर, प्रवाहाला काटकोनात

नदीकाठाने, प्रवाहाच्या सोबतीने, मैलोन्‌मैल सायकल चालवत एखादे शहर ओलांडावे, ही कल्पना आज आपल्याकडे नागरी सुखाची खूण मानली जाते. पुण्याच्या नदीसुधार प्रकल्पाच्या आराखड्यांत अशी वाट आहे, आणि तिची चित्रे पाहणाऱ्याला ती नदीइतकीच नैसर्गिक वाटते. प्रत्यक्षात नदीला समांतर जाणारी वाट ही नैसर्गिक गोष्ट नव्हे. तिला इतिहास असतो, आणि तो प्रत्येक नदीचा वेगळा असतो. मुळा-मुठेच्या बाबतीत हा इतिहास पुण्याच्या मध्यभागातून नव्हे, तर प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या लोणी काळभोरहून वाचणे अधिक उद्बोधक ठरते.

युरोपातील नदीकाठच्या प्रसिद्ध सायकलवाटा मुळात सायकलींसाठी नव्हत्या. डॅन्यूबवर प्रवाहाविरुद्ध जाणारी मालवाहू नौका काठावरून घोडे दोराने ओढीत. त्या घोड्यांना काठ न सोडता चालता यावे म्हणून वाट सलग आणि शक्य तितकी सपाट ठेवावी लागे. वाफेची इंजिने आली, घोडे गेले, वाट मात्र उरली. पासाऊपासून व्हिएन्नाकडे जाणारा आजचा सायकलमार्ग मोठ्या प्रमाणावर त्या जुन्या वाटांवरूनच जातो. थेम्सच्या काठची वाट १९९६ साली राष्ट्रीय पदभ्रमणमार्ग म्हणून खुली झाली, तीही बऱ्याच अंशी अशाच ओढवाटांवरून. म्हणजे आजच्या विरंगुळ्याच्या तळाशी कालचे कष्ट आहेत.

दख्खनच्या नद्यांचा स्वभाव निराळा. चार महिने दुथडी भरून वाहणाऱ्या आणि उरलेले आठ महिने खडकांतून वाट काढणाऱ्या या नद्यांवर व्यापारी नौका ओढत नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे नदीला समांतर वाटेची गरज पडली नाही. गरज होती ती नदीपर्यंत पोहोचण्याची. पाणवठा, उतार, घाट, स्मशान, देवळाच्या पायऱ्या या सगळ्या रचना प्रवाहाला काटकोनात उतरतात. आपण नदीच्या कडेने जात नव्हतो, नदीकडे जात होतो, आणि पाणी घेऊन, स्नान करून, अस्थी सोडून परत फिरत होतो. लोणी काळभोरजवळचे थेऊर हे याचे ठळक उदाहरण होय. तेथे नदीच्या वळणात चिंतामणीचे देऊळ आहे. थोरले माधवराव पेशवे अखेरच्या आजारात तेथेच येऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तेथेच गेले. रमाबाईंचे सतीस्थळ नदीकाठीच आहे. थेऊरला जाणाऱ्यासाठी नदी हे गाठायचे ठिकाण आहे, प्रवासाची दिशा नव्हे.

मग या परिसरात नदीला साधारण समांतर असे काही नव्हतेच काय? होते, परंतु त्यातील प्रत्येक रेषा नदीकडे पाठ करून होती. पहिली रेषा सोलापूरच्या वाटेची. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. आज ती पालखी पुणे सोडल्यावर हडपसरहून याच रस्त्याने लोणी काळभोरला मुक्कामाला येते आणि पुढे यवतकडे जाते, तर ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते. दुसरी रेषा लोहमार्गाची. पुण्यापर्यंत आलेली रेल्वे १८५८ सालच्या अखेरीस दौंडवरून दिकसाळपर्यंत पोहोचली. तिसरी रेषा पाण्याचीच, पण नदीची नव्हे. ती म्हणजे मुठा उजवा कालवा.

या तिसऱ्या रेषेपाशी थोडे थांबले पाहिजे. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पूर्ण झाले. ज्या लष्करी अभियंत्याच्या आखणीतून ते उभे राहिले, त्या फाइफ यांच्या नावाने इंग्रज अमदानीत त्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. या धरणातून निघालेला उजवा कालवा पुण्याला वळसा घालून हडपसर, लोणी काळभोरच्या शिवारांतून पूर्वेकडे गेला. कालव्याला उतार अगदी अल्प ठेवावा लागतो, म्हणून तो डोंगरउताराच्या समपातळीने वळणे घेत जातो. त्याच्या भरावावरची वाटही तितकीच सपाट असते. म्हणजे युरोपात घोड्याने जे केले, ते आपल्याकडे पाटाने केले. पाण्याच्या सोबतीने जाणारी, चढउतार नसलेली सलग वाट या मुलखाला प्रथम दिली ती कालव्याने. मात्र ती फिरायला जाणाऱ्याची नव्हती. कालवा निरीक्षकाची आणि पाटकऱ्याची ती वाट. कोणाची पाळी आहे, कोणती चारी फुटली, कोणी चोरून दार उघडले, हे पाहत जाण्याची. शेतकऱ्याच्या लेखी त्या वाटेवरून येणारी सायकल म्हणजे सरकार होते.

शहरात मात्र सायकल ही प्रजेची होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्याची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. कारखान्यात जाणारे कामगार, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, कारकून, शिक्षक हे सारे सायकलवर होते. १९७२ साली लूना आली, स्कूटर स्वस्त झाली, रस्ते रुंद झाले आणि सायकल कडेला ढकलली गेली. १९८०च्या दशकात काही रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग झाले, २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा स्वीकारला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सायकलींच्या त्या भरभराटीच्या काळातही नदीकाठची सलग वाट कोणी मागितल्याचे दिसत नाही. सायकल पूल ओलांडत होती, नदीच्या बाजूने जात नव्हती. शहराने जुनाच काटकोन पाळला होता.

तो काटकोन मोडला तो पुराने आणि पुरानंतरच्या विस्मरणाने. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि नदी शहरात शिरली. त्यानंतर गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. नदीपासून दूर जाणे हा त्या पिढीचा धडा होता. पुढच्या पिढ्यांना नदीचे कोरडे पात्र मोकळी जागा वाटू लागले. मुठेच्या पात्रातच रस्ता झाला. विठ्ठलवाडीहून वारज्याकडे जाणाऱ्या पात्रालगतच्या रस्त्याचा वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. भाषेच्या अभ्यासकाने ‘पात्र’ या शब्दाकडे येथे पुन्हा पाहावे. पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे नाटकातील व्यक्ती, आणि पात्र म्हणजे नदीची जागा. तिन्ही अर्थांत धारण करण्याची कल्पना आहे. भांडे रिकामे असले तरी ते भांडेच असते, हे आपण विसरलो. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सुटले आणि एकतानगरीतील घरांत शिरले, तेव्हा नदीने फक्त शब्दाचा अर्थ सांगितला.

या पार्श्वभूमीवर मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटर लांबीचा नदीकाठ विकास प्रकल्प पाहावा लागतो. मार्च २०२२ मध्ये त्याच्या पहिल्या टप्प्याची पायाभरणी झाली. प्रेरणा उघडच साबरमतीची आहे. अहमदाबादचा काठ २०१२ साली लोकांसाठी खुला झाला. काठावर चालण्याच्या आणि सायकलच्या वाटा हे या प्रकल्पाचे आकर्षण, तर पात्र अरुंद होण्याचे भय आणि काठच्या झाडीचा नाश हे त्याच्या विरोधकांचे आक्षेप. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद येथे करण्याचे प्रयोजन नाही. एक निरीक्षण मात्र नोंदवले पाहिजे. मराठीत काठ लुगड्यालाही असतो. लुगड्याचा काठ शोभेचा असतो, नदीचा काठ मर्यादेचा. आराखड्याने पहिला अर्थ घेतला आणि दुसरा दृष्टीआड केला.

आणि ती वाट कोठे संपते? शहर संपते तेथे. २०२१ साली २३ गावे महापालिकेत आली, त्यांत मांजरी बुद्रुक होते, लोणी काळभोर नव्हते. नदीला ही हद्द ठाऊक नाही. ती शहराचे सांडपाणी घेऊन, जलपर्णीचे हिरवे आवरण पांघरून मांजरी, लोणी, थेऊरवरून पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. अधिक बोलका आहे तो जुना कालवा, ज्याला या भागात बेबी कालवा म्हणतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराने वापरलेले, प्रक्रिया केलेले पाणी उचलून याच कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडच्या शेतीला दिले जाते. ज्या पाटाने एके काळी खडकवासल्याचे निर्मळ पाणी लोणीच्या उसाला दिले, तोच पाट आता शहराचा उष्टा वाटा पोहोचवतो. जपानच्या अर्थसाह्याने होत असलेली ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे म्हणूनच काठावरच्या फरसबंदीहून महत्त्वाची आहेत. फरसबंदी शहरापुरती असते, पाणी गावोगाव जाते.

सायकलचा म्हणून एक गुण आहे. मोटारीची काच वर करता येते, सायकलला काच नसते. नदीकाठाने जाणाऱ्या सायकलस्वाराला पाण्याचा वास टाळता येत नाही, आणि त्याच्या वेगाला नदी नीट दिसते. म्हणून नदीला समांतर वाट हवीच, पण ती नदीचे संपूर्ण वाक्य वाचू देणारी असावी, पहिल्या स्वल्पविरामाशी थांबणारी नसावी. जुन्या कालव्याच्या भरावावर ती वाट लोणीपर्यंत दीडशे वर्षांपूर्वीच आखली गेली आहे. पाटकरी त्या वाटेने पाण्याचा हिशोब घेत जात असे. शहराच्या सायकलस्वाराने तो हिशोब पुढे चालू ठेवला, तर संगमाजवळ सुरू झालेली सुखाची फेरी लोणी काळभोरच्या शिवारात जबाबदारीची होईल.