जोखमीच्या देशांचा प्रवास आणि विद्यापीठाची परवानगी

वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २००५ साली त्याच्या मातृसंस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज ती दत्ता मेघे उच्च शिक्षण आणि संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. वैद्यकीय, दंत, परिचर्या, आयुर्वेद अशा शाखांचे शिक्षण देणाऱ्या अशा केंद्रांतील अध्यापक व विद्यार्थी परिषदा, संशोधन, प्रशिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने परदेशी जातात. गंतव्य देश शांत असेल तर रजा, व्हिसा आणि खर्चाची मंजुरी एवढ्यावर काम भागते. युद्ध, राजकीय अस्थिरता वा साथरोग असलेल्या देशाचा प्रश्न आला, की परवानगीचा अर्थच बदलतो.

परवानगी कोणाची?

वर्ध्याच्या परिसरात काही किलोमीटरच्या अंतरात तीन वेगवेगळ्या प्रकारच्या संस्था आहेत. सावंगीची संस्था खासगी अभिमत विद्यापीठ आहे. सेवाग्रामचे १९६९ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ आहे. त्यामुळे एकाच देशात निघालेल्या तीन अध्यापकांच्या अर्जांचे मार्ग भिन्न असू शकतात. सर्वसाधारणपणे अर्ज विभागप्रमुखांकडून अधिष्ठात्यांकडे, तेथून कुलसचिवांकडे आणि अखेरीस कुलगुरूंकडे जातो. त्यासोबत निमंत्रणपत्र, खर्च कोण करणार याचा तपशील आणि अनुपस्थितीतील अध्यापनाची व्यवस्था जोडावी लागते.

परदेशी संस्था प्रवासखर्च वा निवासाचा भार उचलणार असेल, तर विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० याच्या कलम ६ कडे लक्ष द्यावे लागते. सरकारी कर्मचारी, तसेच सरकारच्या मालकीच्या वा नियंत्रणाखालील संस्थांचे कर्मचारी यांना परदेशी आतिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घेणे या कलमान्वये बंधनकारक आहे. परदेशात अचानक आजारपण आल्यास मिळालेल्या तातडीच्या वैद्यकीय मदतीस सवलत आहे, मात्र ती विहित मुदतीत कळवावी लागते.

परिचारिकांसाठी आणखी एक पायरी आहे. पश्चिम आशियातील अनेक देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यास उत्प्रवास अनुमतीची व्यवस्था लागू आहे, आणि २०१५ पासून परिचारिकांना पारपत्राचा प्रकार कोणताही असला तरी ही अनुमती आवश्यक करण्यात आली. २०१४ साली इराकमधील तिक्रित येथे अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांच्या सुटकेनंतर या नोकरभरतीवर देशाचे लक्ष वेधले गेले होते.

जोखीम कशी ठरवावी?

अमेरिकेचे परराष्ट्र खाते २०१८ पासून प्रत्येक देशाला १ ते ४ असा स्तर देते. तेथील अनेक विद्यापीठे तिसऱ्या व चौथ्या स्तरावरील देशांसाठी स्वतंत्र समितीची मंजुरी मागतात. ब्रिटनमध्ये ‘अत्यावश्यक असल्यासच जावे’ आणि ‘मुळीच जाऊ नये’ अशा दोन पातळ्यांवर सल्ला दिला जातो. भारतात परराष्ट्र मंत्रालय व दूतावास प्रसंगानुरूप सूचना प्रसृत करतात. त्यांत अंक नसतात, शब्द असतात: अनावश्यक प्रवास टाळावा, प्रवास करूच नये, उपलब्ध साधनाने देश सोडावा. म्हणून विद्यापीठाच्या समितीला या शब्दांची चढती भाजणी नीट वाचावी लागते. क्वचित सूचनेच्या पुढे जाऊन थेट बंदी असते. येमेनला जाण्यास भारतीय पारपत्रधारकांवर २०१७ साली बंदी घालण्यात आली. विशिष्ट कारणासाठी जायचे असल्यास केंद्र सरकारकडे सवलत मागावी लागते. अशा ठिकाणी विद्यापीठाने होकार दिला तरी त्याला अर्थ उरत नाही.

केवळ देशाचे नाव पाहून निर्णय घेणेही पुरेसे नाही. शहर, सीमेपासूनचे अंतर, जवळचे सुसज्ज रुग्णालय, परतीचे पर्यायी मार्ग आणि यजमान संस्थेची जबाबदारी या पाच गोष्टी अर्जात लेखी असाव्यात. राजधानीतील परिषद आणि सीमावर्ती जिल्ह्यातील क्षेत्रसर्वेक्षण यांची जोखीम सारखी नसते.

लस आणि विमा

आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांच्या प्रवासासाठी पीतज्वराची लस आवश्यक असते. ती अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र १० दिवसांनंतर वैध होते. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य धरले जाते. पोलिओग्रस्त देशांत जाणाऱ्यांना भारताने २०१४ साली प्रस्थानापूर्वी किमान ४ आठवडे तोंडावाटे पोलिओ लस घेणे आवश्यक केले. देशांची यादी बदलत असल्याने ती अर्जाच्या वेळी तपासावी. या मुदती लक्षात घेता प्रवासाच्या दोन आठवडे आधी केलेला अर्ज कागदोपत्री वेळेत असला तरी आरोग्याच्या दृष्टीने उशिराचाच ठरतो. सहा ते आठ आठवड्यांचा अवधी रास्त आहे.

विम्याबाबत गैरसमज मोठा आहे. बहुतेक प्रवास-विम्यांत युद्ध व तत्सम परिस्थितीतून उद्भवलेली हानी वगळलेली असते. पॉलिसी आहे एवढ्या आधारावर मंजुरी देणे योग्य नव्हे. वगळलेल्या बाबींचे पान वाचून, आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतराचा खर्च त्यात आहे का, हे समितीने पाहणे गरजेचे आहे.

युक्रेनचा धडा

परवानगी दिल्यानंतर ती मागे घेण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. २०२२ साली त्याचे महत्त्व कळले. कीव्ह येथील भारतीय दूतावासाने जानेवारीत भारतीयांना नावे नोंदविण्यास सांगितले. १५ फेब्रुवारीला, राहणे अत्यावश्यक नसलेल्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरता देश सोडण्याचा विचार करावा, अशी सूचना दिली. तथापि तेथील वर्ग सुरू होते आणि अनुपस्थितीने वर्ष बुडण्याची धास्ती होती. अनेक जण थांबले. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू होऊन हवाई हद्द बंद झाली. पुढे ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेसह सुमारे २२,५०० भारतीय परतले, परंतु कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थी खारकीव्हमध्ये १ मार्चला मृत्युमुखी पडला. सुमी शहरातील सुमारे ७०० विद्यार्थ्यांना ८ मार्चपर्यंत बाहेर पडता आले नाही.

हे विद्यार्थी तेथील विद्यापीठांचे होते. त्यांच्यामागे भारतातील कोणतीही पाठवणारी संस्था नव्हती. भारतीय विद्यापीठाने पाठविलेल्या विद्यार्थ्याची स्थिती निराळी असावयास हवी. परत बोलाविण्याचा निर्णय कोणती व्यक्ती घेईल, परतल्यास हजेरी व श्रेयांकांचे काय होईल आणि तिकिटाचा वाढीव खर्च कोण देईल, ही तीन उत्तरे मंजुरीपत्रातच असली तर विद्यार्थ्याला जीव आणि वर्ष यांत निवड करावी लागत नाही. न जाण्याची मुभाही तितकीच स्पष्ट हवी. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर जात आहे’ असे हमीपत्र लिहून घेतले म्हणजे संस्थेचे नैतिक दायित्व संपत नाही.

शोध लागला पाहिजे

येमेन (२०१५), अफगाणिस्तान (२०२१), सुदान (२०२३), इराण व इस्रायल (२०२५) या देशांतून भारतीयांना परत आणताना माणसे नेमकी कोठे आहेत, हे कळणे ही पहिली गरज ठरली. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून कार्यरत असून विद्यार्थ्यांना त्यावर नोंदणी करता येते. विद्यापीठाकडेही प्रवाशाचा पत्ता, स्थानिक दूरध्वनी, पारपत्र व विम्याची प्रत आणि कुटुंबातील दोघांचे संपर्क क्रमांक असावेत. कार्यालय बंद असतानाही दूरध्वनी उचलणारी एक व्यक्ती नेमलेली असावी.

या साऱ्याचा उद्देश माणसांना घरी बसविणे हा नाही. १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. जोखमीच्या जागी डॉक्टर लागतात आणि पुढेही लागतील. जाणाऱ्याने धोका समजून घेऊन जावे आणि पाठविणाऱ्याने त्याच्या परतीची व्यवस्था आधी करावी, एवढीच परवानगीच्या कागदाकडून अपेक्षा आहे.