शंभर वॉटची वाटणी

२००५च्या सुमारास पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चार्जर घ्यायला गेलं, की दुकानदाराचा पहिला प्रश्न असायचा, "फोन कुठला?" उत्तर नोकिया आलं की दुसरा, "जाड पिन का बारीक?" जाड म्हणजे साडेतीन मिलिमीटरची, बारीक म्हणजे दोनची. सोनी एरिक्सनची पिन रुंद आणि चपटी, सॅमसंगची त्याहून निराळी. मोटोरोलाच्या 'रेझर'ला मिनी-यूएसबी चालायची. सगळ्यांना पुरून उरणारी म्हणून एकाच वायरीला आठ-दहा पिनांचा झुबका लोंबणारी केबलही मिळायची. त्यातल्या दोन पिना कामाच्या, बाकीच्या नुसत्याच वागवायच्या.

लॅपटॉपवाल्यांची तऱ्हा काही वेगळी नव्हती. पिना गोलच, पण प्रत्येक कंपनीचा व्यास आपला. व्होल्टेज बहुतेकांचं १९च्या आसपास, थिंकपॅडचं २०. डेलने तर पिनेच्या मध्यभागी सुईएवढा एक वेगळा काटा ठेवला. चार्जर कंपनीचा आहे की बाहेरचा, हे लॅपटॉप त्यावरून ओळखायचा. बाहेरचा निघाला तर स्क्रीनवर तक्रार झळकायची आणि बॅटरी चार्ज व्हायची नाही.

ग्राहक याला लूट म्हणायचे आणि त्यात तथ्य होतंच. तरी कंपन्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हाचा चार्जर मुका होता. आपण किती व्होल्ट देतो हे तो फोनला सांगू शकत नव्हता आणि मला किती चालतील हे फोन त्याला विचारू शकत नव्हता. चुकीचा चार्जर फोनला लागू नये याची खात्री देणारी एकच सोय होती, ती म्हणजे पिनेचा आकार. बसली तर आपली, नाही बसली तर परक्याची. गेल्या तीस वर्षांत हा निर्णय आकाराकडून हळूहळू संभाषणाकडे गेला. आज टेबलावर लॅपटॉप, फोन आणि इअरफोन एकाच ठोकळ्यावर चार्ज होतात ते त्यामुळेच. आणि महागडा ठोकळा आणूनही लॅपटॉप रखडत चार्ज होतो, त्याचंही मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ज्या यूएसबीने हे घडवलं, ती मुळात चार्जिंगसाठी नव्हतीच. प्रिंटर, माउस, कीबोर्ड, मोडेम प्रत्येकाचं भोक वेगळं, प्रत्येकासाठी सेटिंगची कटकट, हा १९९०च्या आसपासचा ताप होता. घरी बायकोला साधा प्रिंटर जोडताना होणारा त्रास पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असं इंटेलमधले अभियंते अजय भट्ट यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. यूएसबी उलटी लावून, सुलटी करून, पुन्हा उलटी लावताना जगाने ज्यांना शिव्या घातल्या ते हेच भट्ट. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग करायचा तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्च वाढला असता, हे त्यांचं उत्तर.

या यूएसबीत ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळायचे, म्हणजे अडीच वॉट. माउसला ते भरपूर झाले. पण भोक दिसलं की लोक त्यात काहीतरी घालणारच. आधी कॅमेरे, मग आयपॉड, मग फोन, सगळे संगणकाच्या कुशीला लागून चार्ज होऊ लागले. २००७मध्ये बॅटरी चार्जिंगसाठी वेगळा नियम आला आणि पुढे दीड अँपिअरपर्यंत मुभा मिळाली. युक्ती साधी होती. माहितीची ने-आण करणाऱ्या दोन तारा चार्जरने आतल्या आत एकमेकींना जोडून ठेवायच्या. फोनने त्या तपासल्या की त्याला कळायचं, समोर संगणक नाही, भिंतीवरचा चार्जर आहे, बिनधास्त ओढा. ॲपलने त्याच दोन तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवून आपली वेगळी खूण केली. आयफोनचा १ अँपिअरचा चार्जर कुठला आणि आयपॅडचा २.१चा कुठला, हे त्यावरून ओळखू यायचं. बाकीच्यांनीही आपापल्या खुणा काढल्या. अशा रीतीने मुका चार्जर खाणाखुणा करू लागला, पण दर कंपनीच्या खुणा वेगळ्या.

सरकारांना मात्र दिसत होता तो कचरा. चीनने २००६च्या अखेरीस मानक काढून चार्जरच्या बाजूला यूएसबी हवीच असं ठरवलं. केबल चार्जरपासून सुटी झाली ती तेव्हापासून, आणि दिसतो त्यापेक्षा हा बदल खूप मोठा होता. जून २००९मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने नोकिया, सॅमसंग, ॲपल यांच्यासह दहा कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीच्या करारावर सह्या केल्या. ॲपलने सही केली आणि अडॅप्टर विकायला ठेवला. फोनला मायक्रो-यूएसबीचं भोक काही दिलं नाही. उलट २०१२मध्ये लाइटनिंग आणलं. सही करून मोकळं होणं म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना मिळणं कठीण.

फोन मार्गी लागत होते, लॅपटॉप बाकी होता. ५ व्होल्टवर लॅपटॉप चालवायचा तर इतका करंट लागेल की केबल बोटाएवढी जाड करावी लागेल. म्हणजे व्होल्टेज वाढवायला हवं, आणि वाढवलेलं व्होल्टेज चुकून एखाद्या इअरफोनला मिळालं तर तो जागीच संपणार. जुलै २०१२मध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, हे मानक आलं ते यावर तोडगा म्हणून. त्यात २० व्होल्ट आणि ५ अँपिअर, म्हणजे १०० वॉटपर्यंत वीज द्यायची सोय होती. पण जुन्या आकाराच्या प्लगवर ते चाललंच नाही. ऑगस्ट २०१४मध्ये २४ टोकांचा, कसाही लावा, बसणारा टाइप-सी प्लग ठरला आणि त्यात बोलण्यासाठी वेगळी तार मिळाली, तेव्हा पीडीचं नशीब उघडलं.

खाणावळीत बसल्यावर पोऱ्या येऊन आज काय काय आहे ते घडाघडा म्हणून दाखवतो, तसंच हे आहे. केबल लागली की चार्जर आधी फक्त ५ व्होल्ट देतो आणि आपली यादी सांगतो. ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ आहे, २० आहे. लॅपटॉप म्हणतो, २० द्या. फोन म्हणतो, ९ पुरे. चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज चढतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उरकतं. इअरफोनला हे बोलणं येतच नसेल, तर तो ५ व्होल्टवर गप्प बसून राहतो. म्हणून शंभर वॉटच्या चार्जरला इअरफोन लावला तर तो जळेल, ही भीती निराधार. किती घ्यायचं ते घेणारा ठरवतो.

२०१५मध्ये ॲपलचा १२ इंची मॅकबुक आला. चार्जिंगसह सगळ्या कामांना मिळून त्यात एकच टाइप-सी पोर्ट होतं आणि चार्जर २९ वॉटचा. इतरांनीही तोच रस्ता धरला. त्याबरोबर बाजारात टाइप-सी केबलींचा पूर आला आणि त्यातल्या पुष्कळशा भिकार होत्या. गूगलमध्ये क्रोमबुकवर काम करणारे बेन्सन लिउंग स्वतः केबली विकत घेऊन, तपासून, त्यांचे निकाल जाहीर करू लागले. दोष बहुधा एका चिमुकल्या रेझिस्टरचा असे. जुन्या यूएसबीतून टाइप-सीत येणाऱ्या केबलीत तो ५६ किलोओहमचा हवा, पण स्वस्त केबलींत १०चा बसवलेला असायचा. १०चा अर्थ होतो, पलीकडे ३ अँपिअर देणारा चार्जर आहे, खुशाल ओढा. प्रत्यक्षात पलीकडे जुनं, अशक्त पोर्ट. फेब्रुवारी २०१६मध्ये लिउंग यांना एक केबल अशी मिळाली की तिच्यात धन आणि ऋण ताराच उलट्या जोडल्या होत्या. ती लावताक्षणी त्यांचा क्रोमबुक पिक्सेल निकामी झाला. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली.

चुका फक्त गल्लीबोळातले कारखानदार करतात असंही नाही. २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या लोकप्रिय छोट्या संगणकात दोन रेझिस्टर हवे तिथे एकावर भागवलं होतं. साधी केबल लावली तर तो चालायचा. चिप असलेली चांगली, महाग केबल लावली, की चार्जरचा समज व्हायचा की समोर हेडफोनसारखं उपकरण आहे आणि तो वीजच देत नसे. पुढच्या बनावटीत ही चूक सुधारली गेली.

संभाषणाचा प्रश्न सुटला तरी आकारमानाचा राहिलाच होता. जुन्या चार्जरच्या पोटात लोखंडी पट्ट्यांवर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि इतक्या संथ विजेला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो. तीच वीज आधी तोडून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली, तर ट्रान्सफॉर्मर काड्यापेटीहून लहान होतो. अभियंते रॉड होल्ट यांनी १९७७च्या ॲपल टू संगणकासाठी असाच हलका, पंख्याशिवाय चालणारा पुरवठा बनवला होता. पुढची चाळीस वर्षं ही चालू-बंद करण्याची मजुरी सिलिकॉनने केली. वेग फार वाढवला की सिलिकॉन तापतं. गॅलियम नायट्राइड, म्हणजे पाकिटावर दिसणारं 'गॅन', तेच काम कमी वीज वाया घालवून कितीतरी जलद करतं. निळ्या एलईडीसाठी २०१४चं नोबेल ज्या पदार्थामुळे मिळालं, तोच हा पदार्थ. २०१८पासून गॅनचे चार्जर दुकानात दिसू लागले.

ऑक्टोबर २०२०मध्ये आयफोन १२च्या खोक्यातून चार्जर गायब झाला. जानेवारी २०२१मध्ये सॅमसंगने एस२१मधून तो काढला. कारण पर्यावरणाचं सांगितलं गेलं. आयफोनची किंमत तेवढी काही उतरली नाही. चार्जर ही आता स्वतंत्रपणे निवडून घ्यायची वस्तू झाली आणि चार्जर घ्यायचाच आहे तर लॅपटॉपचंही त्यात भागवू, असा हिशेब ग्राहकाने केला. तीन-चार पोर्टांचे ६५, १००, १४० वॉटचे ठोकळे खपू लागले ते त्यानंतर.

या ठोकळ्यावरचा मोठा आकडा मात्र जपून वाचावा लागतो. १०० वॉट म्हणजे एका पोर्टवर एकटं उपकरण असताना १०० वॉट. दुसऱ्या पोर्टात फोन खुपसला की वाटणी होते, बऱ्याचदा ६५ आणि ३० अशी. तिसरं उपकरण आलं की लॅपटॉपच्या वाट्याला ४५ उरू शकतात. काही चार्जरांत शेवटची दोन पोर्टं एकदम वापरली तर दोन्ही ५ व्होल्टवर येतात. ही वाटणी खोक्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली असते आणि खरी किंमत तिची आहे. मॅकबुक एअरला ३० वॉट चालतात, ऑफिसातल्या साध्या लॅपटॉपला ४५ ते ६५ लागतात, १६ इंची मॅकबुक प्रोचा चार्जर १४० वॉटचा असतो. वाटणी झाल्यावर आपल्या लॅपटॉपच्या पदरात किती पडतं, एवढंच बघायचं. आणखी एक खोड बहुतेकांना विकत घेतल्यावर कळते. नवं उपकरण लावलं की चार्जर पुन्हा नव्याने बोलणी करतो आणि क्षणभर सगळ्यांचीच वीज तोडतो. लॅपटॉपला बॅटरी असल्याने फरक पडत नाही. बॅटरी नसलेला रास्पबेरी पाय मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो.

केबलही तितकीच महत्त्वाची. ३ अँपिअरच्या, म्हणजे ६० वॉटच्या वर जायचं तर केबलीत आपली क्षमता सांगणारी चिप हवी. ती नसेल तर शंभर वॉटचा चार्जर मुकाट्याने ६०वर थांबतो आणि बोल लागतो चार्जरला. शिवाय पीडी येणं म्हणजे सगळ्यांशी बोलता येणं नव्हे. ओप्पोने २०१४मध्ये 'वूक' आणलं ते उलट्या तत्त्वावर. व्होल्टेज ५च ठेवायचं आणि करंट ४ अँपिअरपर्यंत न्यायचा, त्यासाठी चार्जर आणि केबल दोन्ही आपली. तो वंश वनप्लसमध्येही गेला. असे फोन आपल्याकडे ढिगाने विकले जातात आणि त्यातले बरेचसे उत्तम पीडी चार्जरवरही खोक्यावरच्या वेगाच्या जवळपास जात नाहीत. ज्याचा फोन त्या घराण्यातला आहे, त्याने फोनसोबत आलेला चार्जर माळ्यावर टाकू नये.

भारतात घेताना दोन गोष्टी जास्तीच्या. अडॅप्टरना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, सक्तीची नोंदणी लागते. आर या अक्षराने सुरू होणारा क्रमांक अंगावर छापलेला नसेल, तर स्वस्ताईच्या मोहात पडू नये. दुसरी गोष्ट पिनांची. परदेशी चपट्या पिनांचा जड ठोकळा कन्व्हर्टर लावून आपल्या सैल सॉकेटात बसवला की तो मान टाकतो आणि ठिणग्या उडतात. भिंतीला लांब वायर आणि टेबलावर ठोकळा, अशी रचना आपल्या घरांना जास्त मानवते.

मे २०२१मध्ये पीडीची कमाल मर्यादा ४८ व्होल्ट आणि २४० वॉटवर गेली. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेत टाइप-सीच्या सक्तीचा कायदा ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. फोन आणि टॅबलेटसाठी २८ डिसेंबर २०२४ ही मुदत होती, पण ॲपलने सप्टेंबर २०२३मध्येच आयफोन १५ला टाइप-सी देऊन टाकली. लॅपटॉपसाठी तारीख आहे २८ एप्रिल २०२६. भारतात ग्राहक व्यवहार विभागाच्या १६ नोव्हेंबर २०२२च्या बैठकीत उद्योगाने स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉपसाठी टाइप-सीला मान्यता दिली, आणि पाठोपाठ बीआयएसने त्याचं मानक प्रसिद्ध केलं. साध्या बटणांच्या फोनसाठी मात्र वेगळ्या पोर्टाचा विचार झाला, कारण हजार-दीड हजारांच्या फोनमध्ये नव्या पोर्टाचा चार पैशांचा खर्चही जड जातो. आणि ३०० वॉटच्या पुढे वीज पिणारे गेमिंग लॅपटॉप २४०मध्ये मावत नाहीत, त्यामुळे ते अजून आपापल्या कंपनीच्या पिनेवर आणि विटेएवढ्या चार्जरवर चालतात.